चार बोटांचं अंतर

खरंखोटं निवडायची वेळ आली की आजी हाताची चार बोटं जुळवायची आणि डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत आडवी धरायची. खऱ्याखोट्यात एवढंच अंतर, म्हणायची. कानावर आलेलं खोटं, डोळ्यांनी पाहिलेलं खरं, आणि मध्ये चार बोटं. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी ही जागा फारच थोडी आहे. २०२५च्या दिवाळीत आमच्या मजल्यावर जे घडलं, त्यात बोटांचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी मात्र अख्खी सोसायटी फोनची स्क्रीन दोन चिमटींत ताणून बोटं मोजत होती. पाच आहेत की सहा?

कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत आम्ही ४०१. समोर ४०२, जिन्याच्या तोंडाशी ४०३, आणि ४०४ भाड्यानं दिलेला. माणसांना फ्लॅटच्या नंबरानं ओळखायची सोसायट्यांची रीत मला कधी आवडली नाही, पण इथे ती सोयीची आहे. एकदोन तपशीलही मी बदलले आहेत. त्याचं कारण पुढे येईल.

४०२च्या मुलानं आईसाठी साडी मागवली होती. फोनवर 'पोचलं' असा निरोप आला, सोबत पुरावा म्हणून फोटो : दार, पायपुसणं, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, आणि त्यांच्या शेजारी तपकिरी खोका. मुलगा ऑफिसातून आला तेव्हा पावलं होती, खोका नव्हता. पहिला संशय नेहमीच्या माणसावर गेला. "फोटो काढून त्यानंच उचलला असेल," असं डिलिव्हरीवाल्याबद्दल दोघातिघांनी लगेच म्हटलं. पण ४०२नं महिनाभरापूर्वी दारावर छोटा कॅमेरा लावला होता. त्यात १९ सेकंदांची क्लिप निघाली. ४०३च्या काकू गाऊनवर ओढणी घेऊन येतात, खोक्यापाशी थबकतात, जिन्याकडे बघतात, वाकून खोका उचलतात आणि चौकटीबाहेर जातात. क्लिप तिथे संपते.

रात्री पावणेदहाला ती सोसायटीच्या ग्रुपवर आली. खाली मजकूर होता : ज्यांनी नजरचुकीने पार्सल नेले असेल त्यांनी कृपया आणून द्यावे. 'नजरचूक' हा शब्द मराठी माणसानं भांडणाच्या पहिल्या पायरीसाठी राखून ठेवलेला आहे. अर्ध्या तासानं काकूंच्या मुलाचं उत्तर आलं, टोरांटोहून. त्यानं लिहिलं, ही क्लिप एआयनं बनवलेली आहे. आई असं करणार नाही. तिचा डावा हात मोठा करून बघा, सहा बोटं आहेत.

मग सोसायटीची प्रयोगशाळा झाली. कुणाला शू-रॅकची सावली उलटी वाटली, कुणाला ओढणी हवेत जास्तच तरंगताना दिसली. बी विंगच्या एका इंजिनिअरनं क्लिप एका चॅटबॉटला दाखवली आणि त्याचा निर्वाळा ग्रुपवर टाकला. तासाभरानं दुसऱ्यानं तीच क्लिप दुसऱ्याला दाखवून उलट निर्वाळा आणला. सेक्रेटरींनी शेवटी लिहिलं की दिवाळी तोंडावर आहे, विषय कमिटीत घेऊ.

सकाळी मी काकूंकडे गेले. त्यांनी क्लिप पाहिलीच नव्हती. माझ्या फोनवर दोनदा पाहिली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासारखी दिसते गं. पण ही मी नाही." वीस वर्षांची ओळख आहे. त्या आवाजात लबाडी असती तर मला ऐकू आली असती. आणि ती क्लिप बनावट असती तर, असंही मला वाटत होतं, मला दिसलं असतं. दोन्ही विश्वास एकाच डोक्यात घेऊन मी घरी आले.

*

काकूंच्या मुलाची शंका हवेतली नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. २०२५च्या जुलैत रात्रीच्या अंधारात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या सशांची एक चित्रफीत जगभर फिरली. कुणाच्या तरी मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्यानं टिपली असावी अशी ती दिसायची. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली, हसले, पुढे पाठवली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एक ससा उडी मारता मारता हवेतच विरून जातो. ससे नव्हते, अंगणही नव्हतं. आमच्या ग्रुपवरही ते ससे आले होते आणि काकूंनीच त्यांना बदाम पाठवला होता.

बनवणाऱ्यानं दाराशी टांगलेल्या कॅमेऱ्याचं रूप घेतलं, यात मोठी चतुराई होती. सिनेमासारखं चित्र खोटं बनवायचं तर प्रकाश सांभाळावा लागतो, कॅमेरा फिरला की भिंतींनाही त्याच्याबरोबर नीट फिरावं लागतं. दारावरचा कॅमेरा जागचा हलत नाही. त्याचं चित्र फिकट, रात्री तर राखाडीच. चेहरे पुसट, कडा फुटलेल्या. यंत्राच्या चुका झाकायला याहून बरी गोधडी नाही. आणि नेमकं याच भिकार चित्रावर आपण सर्वांत जास्त विश्वास ठेवत आलो. ते सजवलेलं नसतं, त्याला कुणाची मर्जी नसते, म्हणून ते खरं. ज्या गरिबीमुळे त्याला साक्षीदाराचा मान मिळाला, ती गरिबीच आता फुकट तयार करून मिळते.

याची दुसरी बाजू रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकी कायद्याच्या अभ्यासकांनी २०१९च्या लेखात दाखवली. खोट्या चित्रांचा बोभाटा जितका जास्त, तितकं खऱ्या चित्रात पकडल्या गेलेल्याला 'हे खोटं आहे' म्हणणं सोपं. त्यांनी या फायद्याला नाव दिलं, त्याचं मराठी करायचं तर 'लबाडाचा लाभांश'. लबाडानं काहीच गुंतवायचं नाही, जगातल्या बनावटीवर त्याला आपोआप हप्ता मिळतो. आमच्या मजल्यावरही तो कुणीतरी घेत होतं, असं त्या आठवड्यात निम्म्या सोसायटीला वाटत होतं. तो कुणाच्या पदरात पडला, ते मात्र आमच्यापैकी कुणीच ओळखलं नाही.

*

अशा वेळी मला नैयायिक आठवतात. ज्ञान मिळवण्याची साधनं त्यांनी चार मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या कडक आहे. इंद्रियाचा वस्तूशी संबंध यायला हवा आणि त्यातून झालेलं ज्ञान चुकणारं नको. या कसाला क्लिप लावली की पहिल्याच पायरीला घसरते. माझ्या डोळ्याचा संबंध आला तो काचेशी. काकूंशी आलाच नाही. मी प्रत्यक्ष पाहिले ते उजळणारे ठिपके. तिथून काकूंपर्यंतचा रस्ता मी नकळत, अनुमानानं चालले : असं चित्र आहे, त्याअर्थी असं घडलं.

धुरावरून अग्नी ओळखायचा तर जिथे धूर तिथे अग्नी हे नातं अतूट लागतं. त्याला व्याप्ती म्हणतात. शंभरेक वर्षं चालत्या चित्राच्या बाबतीत ही व्याप्ती व्यवहारापुरती टिकली, कारण अग्नीवाचून धूर काढणं महाग होतं. स्टुडिओ लागे, माणसं लागत, महिने जात. आता धूर विकत मिळतो, आणि स्वस्तात.

खरं तर ती व्याप्ती पहिल्यापासूनच ठिगळाची होती. धुंडिराज फाळक्यांनी सिनेमासाठी भांडवल मिळवताना, १९१२च्या सुमारास, कुंडीतल्या वाटाण्याचं चित्रण केलं होतं. रोज थोडं थोडं, आणि पडद्यावर दाखवताना सलग. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होतो, सगळं डोळ्यांदेखत. त्यातलं प्रत्येक चित्र खरं होतं, बनावट होता तो फक्त काळ. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके हा एकच माणूस राम झाला आणि सीताही झाला, आणि लोकांनी दोघांनाही हात जोडले. आपल्याकडे चालत्या चित्राचा जन्मच हातचलाखी जाणणाऱ्या माणसाच्या घरी झाला. १९ सेकंदांची क्लिप म्हणजे फाळक्यांचा वाटाणा उलटा केलेला. त्यांनी अनेक दिवस काही क्षणांत बसवले. कॅमेऱ्यानं एका संध्याकाळचे १९ सेकंद कापून दिले आणि आम्ही त्यांत अख्खी संध्याकाळ वाचली.

मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का? ग्रुपवर बऱ्याच जणांनी असं जाहीर केलं. इथे मला मीमांसकांची बाजू बरी वाटते. कुमारिल भट्टांचं म्हणणं असं की ज्ञान जन्मतः प्रमाण असतं. ते तसं धरूनच चालायचं, जोवर त्याला खोडून काढणारं दुसरं ज्ञान समोर येत नाही, किंवा ते ज्या साधनानं झालं त्यात दोष सापडत नाही. 'चूक असू शकेल' एवढ्यावर चूक ठरत नाही. शंकेलाही कारण दाखवावं लागतं. मीमांसकांशी आयुष्यभर भांडलेल्या नैयायिकांपैकी उदयनाचार्यही या टोकाला येऊन जवळपास तेच म्हणतात. शंका घ्या, पण तुमची स्वतःची वागणूक तुमच्या शंकेला खोटं पाडू लागली की थांबा.

आमच्या ग्रुपवर ही मर्यादा कुठे आली, ते मी पाहिलं आहे. 'आता डोळ्यांवरही भरवसा नाही' असं रात्री साडेदहाला लिहिणाऱ्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो बघून आकाशकंदील मागवला. तो फोटो खरा कशावरून, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. संशय हा माणूस घालून फिरतो तो कोट आहे. जेवायला बसताना काढून ठेवतो.

*

कायद्यालाही हा प्रश्न आधीच पडला होता, आणि त्याचं एक महत्त्वाचं उत्तर जालन्यातून निघालं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांच्या फरकानं निकाल लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी ३च्या मुदतीत दाखल झाला होता की नंतर, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते, चित्रीकरणात वेळ दिसत होती. पण ते पुरावा म्हणून चालण्यासाठी १८७२च्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखाली प्रमाणपत्र हवं होतं, आणि पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्याचा निकाल १४ जुलै २०२०ला लागला. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, असं न्यायालयानं ठरवलं. ते मिळवायची सगळी खटपट करूनही हाती आलं नाही, तर न्यायालयाकडूनच ते मागवून घेता येतं, हेही सांगितलं.

१ जुलै २०२४पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३व्या कलमातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या एकूण एक आकड्यांचा हिशेब करून काढलेली अंक-अक्षरांची ओळ. एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. आमच्या क्लिपला हे लावायचं झालं असतं तर पंचाईत होती. व्हॉट्सअॅपवरून पुढे जाताना चित्रफीत आवळली जाते, म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर जे होतं ते मूळ नव्हतंच. मूळ कॅमेऱ्यातल्या कार्डावर होतं, आणि ते भरलं की कॅमेरा जुन्यावर नवं लिहीत जातो. कमिटीच्या बैठकीपर्यंत त्यावर दिवाळीचे पाहुणे येऊन बसले होते.

हॅश ऐकायला नवा वाटतो, पण आपल्या दप्तरखान्यांना तो अनोळखी नाही. मराठेशाहीतल्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणी एक ओळ घुसडायला नको. लांब कागद पट्ट्या चिकटवून करत, म्हणून सांध्यावर मागच्या बाजूनं शिक्का मारत. मधली पट्टी बदलली तर शिक्का जुळत नसे. एवढं करूनही बनावट कागद होत, वतनासाठी तर सर्रास होत. तेव्हा गोत बसे. गावातले जाणते जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगर, कारागिरांच्या नावांपुढे त्यांच्या हत्यारांची चिन्हं.

साक्षीनंही भागलं नाही तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलतुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी बांधून गाठीवर शिक्का करत, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून हात बघत. भाजला तर खोटा, नाही भाजला तर खरा. हे वाचून अंगावर काटा येतो. तरी त्या रात्री मोठ्या केलेल्या स्क्रीनवर काकूंचा डावा हात निरखणारे आम्ही त्या पंचांहून फार वेगळे होतो असं मला वाटत नाही. आमच्याकडे तेल नव्हतं, इतकंच. माणूस काय म्हणतो ते ऐकायचा कंटाळा आला की त्याचा हात तपासायला घेतात.

त्याच दिवाळीत, २२ ऑक्टोबरला, केंद्र सरकारनं माहिती-तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा काढला. कृत्रिम चित्राच्या निदान १० टक्के जागेवर 'हे कृत्रिम आहे' अशी खूण असावी, असं त्यात होतं. फेब्रुवारी २०२६मध्ये नियम आले तेव्हा टक्क्यांची अट गळली होती, खूण राहिली. ती असावीच. पण ती प्रामाणिक बनावटीवर लागते. ज्याला फसवायचं आहे तो स्वतःच्या कपाळावर शिक्का मारून घेणार नाही, आणि जे शिक्क्यावाचून आलं ते सगळं खरं असंही नाही.

*

खोका नवव्या दिवशी सापडला. गेटवरच्या केबिनमध्ये, मीटरच्या पेटीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली.

सांगितलं ते रात्रपाळीच्या वॉचमननं. तो दिवाळीला गावी, नांदेडकडे गेला होता. परत आल्यावर गेटवरची चर्चा ऐकून म्हणाला, "काकूंनीच आणून दिला होता ना माझ्याकडे. म्हणाल्या, वर दाराशी पडलाय, कुणी नेईल, ठेव तुझ्यापाशी. मी निघताना बदलीवाल्याला सांगितलं होतं." बदलीवाला चार दिवसांसाठी आला होता. तो विसरला किंवा त्याला कळलं नाही. क्लिपमध्ये काकू जिन्याकडे बघतात, ते कुणी बघत तर नाही ना म्हणून, असं आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. त्या जिना उतरायच्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई जिना उतरण्यापूर्वी जिन्याकडे बघतेच.

म्हणजे चित्रफीत खरी निघाली. आरोप खोटा निघाला. आणि 'ही मी नाही' हेही खरं नव्हतं.

पण ते खोटंही नव्हतं. काकूंना तो खोका उचललेला आठवतच नव्हता. त्यांची सून दोन महिन्यांनी आली, डॉक्टर झाले, आणि गॅसवर जळलेलं दूध, दोनदा भरलेलं विजेचं बिल, माझ्याशी बोलताना मध्येच हरवलेला शब्द, या सगळ्यांना एक नाव मिळालं. ते नाव मी इथे लिहीत नाही. क्लिपमध्ये स्वतःला पाहताना काकूंपुढे दोन वाटा होत्या. एक तर यंत्रानं त्यांचं रूप घेतलं होतं, नाहीतर त्यांच्याच हातून घडलेली गोष्ट त्यांच्याकडून निसटली होती. मुलानं पहिली वाट आयती हातात दिली, त्यांनी ती घट्ट धरली. टोरांटोत बसलेल्या त्या मुलालाही आईच्या विसरण्यापेक्षा जगाची बनावट सोसायला सोपी वाटली असणार. लबाडाचा लाभांश आमच्याकडे असा गेला. घेणारं कुणी लबाड नव्हतं.

नैयायिकांनी स्मृतीला प्रमाणांत जागा दिली नाही. आठवण हे नवं ज्ञान नव्हे, पूर्वीच्या अनुभवाची ती फक्त सावली, असं ते म्हणतात. कॉलेजात हे मला रुक्ष वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी माणसाला वाचवलं. आठवत नाही म्हणून कुणी खोटं ठरत नाही.

*

त्या आठवड्यात आम्ही दोन चॅटबॉटना विचारलं, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कुणाच्या भाच्याला विचारलं. वॉचमनला फोन करावा हे एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही. त्याचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये होता.

नैयायिकांचं चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताचं वाक्य. आप्त म्हणजे नातलग, हा आपला रोजचा अर्थ. शास्त्रात आप्त म्हणजे ज्यानं गोष्ट जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात वात्स्यायन पुढे जे म्हणतो ते मी अनेकदा वाचलं होतं, पण गेटवर उभं राहून कळलं. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखीच लागू आहे, असं तो सांगतो. माहिती आणि सचोटी असली की बोलणाऱ्याचं कूळ बघायचं कारण नाही.

आपल्या गावगाड्यालाही हे कळत होतं, फक्त त्यानं ते सोयीपुरतं वापरलं. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की शीव कुठून जाते हे महार सांगे, आणि त्याचं सांगणं प्रमाण धरत. गावाच्या वेशीवर राखण करणारा वेसकरही तोच. ज्याला वेशीच्या बाहेर ठेवलं, त्याच्याच शब्दावर गाव आपली हद्द ठरवत असे. बाकी दिवशी त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. आमच्या सोसायटीची वेस म्हणजे ते गेट. तिथे बसलेल्या माणसाकडून आम्ही दिवसातून चार वेळा निरोप घेतो, आणि भांडण झालं की त्याला वगळून पुरावे गोळा करतो. डिलिव्हरीवाल्याचं तर नावही माहीत नव्हतं. त्यानं काढलेला फोटो आम्ही त्याच्यावरच संशय घ्यायला वापरला. खरं म्हणजे तो फोटो म्हणजे त्या बिचाऱ्याचं ६३व्या कलमाचं प्रमाणपत्र होतं.

जालन्याच्या निकालाकडे मी आता असंही बघते. कायद्याला कॅमेरा पुरत नाही. तो विचारतो, या कॅमेऱ्याच्या पाठीशी सही करून उभा राहणारा माणूस कोण? म्हणजे कायद्याच्या हिशेबी चित्रफीत प्रत्यक्ष नव्हतीच कधी. ती शब्दच होती, यंत्राच्या तोंडून आलेला, आणि म्हणून तिच्यामागे आप्त लागतो. तिनं मधली काही वर्षं प्रत्यक्षाचा मुखवटा घातला होता. एआयनं तो ओढून काढला एवढंच. मुखवटा गेल्याचं दुःख मला फारसं नाही. अडचण ही आहे की त्या वर्षांत आपण आप्त जमवायचं सोडून दिलं.

पूर्वी पार्सल हातोहात यायचं. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला आणि ४०२ बंद असलं की आमचं दार वाजे, मी सही करे आणि संध्याकाळी खोका पोचता करे. तेव्हा दोन शब्द बोलणं होई, दोन लाडू इकडचे तिकडे जात. २०२०च्या टाळेबंदीत वस्तू दाराशी ठेवून लांब उभं राहायची रीत पडली. तेव्हा ती जीव वाचवत होती. आजार ओसरला, रीत राहिली. हातातून हातात जाणारी वस्तू जमिनीवर आली आणि मधला माणूस गळला. मग त्याची जागा भरायला आपण फोटो ठेवला, फोटोवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला.

४०२नं कॅमेरा काढला नाही. मात्र त्याचं तोंड थोडं खाली केलं आहे. आता त्यात त्यांचा स्वतःचा उंबरा तेवढा दिसतो. काकूंची माफी मागायला ते दोघंही गेले होते. काकूंनी त्यांना चहा केला आणि माफी कशाची, हे दोनदा विचारलं.

काल दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात तपकिरी खोका. वरच्या चिठ्ठीवर त्यांचंच नाव होतं. खोका त्यांनी छातीशी धरला होता, जणू कुणी काढून घेईल.

"हे मी मागवलं होतं का गं?"

त्यांनी काय मागवलं ते मी पाहिलं होतं. परवा माझ्याच फोनवरून आम्ही दोघींनी पणत्या निवडल्या होत्या.

"हो काकू," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग खोका माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ना, मग उघड."